लाकडी भगवा घरी बनवताना: लाकूड निवडण्यापासून भिंतीवर टांगेपर्यंत

जुन्या लाकडाच्या पट्ट्या, टॉर्चने भाजून उठवलेल्या रेषा आणि त्यावर पातळ भगवा रंग. असा ध्वज घरी बनवणं अवघड नाही. तरीही शिवजयंतीला भिंतीवर चढवलेला ध्वज ऑगस्ट येईपर्यंत फुगतो, मधोमध चिरतो, नाहीतर त्याचा भगवा विटकरी दिसायला लागतो. हात कच्चा म्हणून हे फार क्वचित होतं. बहुतेक वेळा लाकूड ओलं असतं आणि कामाचा क्रम चुकलेला असतो.

पट्ट्या आधी जोडायच्या आणि मग कापायच्या, भाजायच्या, रंगवायच्या, हाच क्रम बहुतेकांना सोपा वाटतो, आणि बिघडायला सुरुवात तिथूनच होते. या कामात जोडणी शेवटी येते. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत, त्यात अदलाबदल करू नका.

तिरंगा याच पद्धतीने करू नका

तिरंगाही असाच लाकडात करता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच सांगतो. राष्ट्र प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्ये राष्ट्रध्वज म्हणजे फक्त कापडी ध्वज नव्हे. कोणत्याही पदार्थावर केलेली त्याची दृश्य प्रतिकृतीही त्यात येते. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना दिसेल अशा जागी तो जाळणं, विद्रूप करणं हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. फाटका, विस्कटलेला ध्वज लावू नये असं भारतीय ध्वजसंहिता, २००२ सांगते. या कामात आपण लाकूड मुद्दाम भाजतो, खरवडतो आणि जुनाट करतो. तिरंग्याला ही वागणूक शोभत नाही. तो कापडाचाच घ्या.

## १. आधी माप आणि आकार ठरवा

दिवाणखान्यासाठी २४ इंच उंच आणि ३६ इंच लांब हे माप बरं पडतं. तीन इंच रुंदीच्या आठ आडव्या पट्ट्या एकाखाली एक येतात. काठी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, दोन शेपट्या उजवीकडे. शेपट्यांमधली खाच मधोमध, बाहेरच्या टोकापासून १२ इंच आत येते.

भगव्याचा आकार सगळीकडे एकच नसतो. कुठे खाच उथळ असते, कुठे खालची शेपटी आखूड. तुमच्या घरात किंवा तालमीत जो आकार चालत आला आहे तो घ्या. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून तो खऱ्या मापात कापा आणि दिवसभर भिंतीवर लावून ठेवा. बऱ्याच वेळा तेव्हाच कळतं की माप भिंतीला मोठं होतंय.

वरच्या मापाने पट्ट्यांची लांबी अशी येते (पहिला आकडा लांब कडेचा, दुसरा आखूड कडेचा):

- पट्टी १ आणि ८: ३६ आणि ३३ इंच
- पट्टी २ आणि ७: ३३ आणि ३० इंच
- पट्टी ३ आणि ६: ३० आणि २७ इंच
- पट्टी ४ आणि ५: २७ आणि २४ इंच

म्हणजे आठही पट्ट्यांना तीन फुटी लाकूड लागत नाही. एकूण २१ फूट होतं. गाठी, तडे आणि कापातली घट धरून २५ फूट घ्या. शिवाय मागच्या आधारासाठी दीड इंच रुंद, सहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड अशा २२ इंची तीन पट्ट्या, साडेपाच इंची दोन तुकडे आणि काठीसाठी ३० इंची एक पट्टी लागेल. भिंतीवर टांगायला तीन इंच रुंद, २२ इंच लांब अशी आणखी एक पट्टी बाजूला ठेवा.

## २. लाकूड मिळवणं

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत यंत्रांचे भाग लाकडी खोक्यांतून येतात-जातात, त्यामुळे पॅकिंगचं लाकूड भंगारवाल्यांकडे मिळतं. जुनं घर पाडताना निघालेल्या सागवानी फळ्या मिळाल्या तर उत्तमच. दोन्ही नाही जमलं तर टिंबर मार्केटमध्ये वखारीत साधं पाईन घ्या. प्लायवूड आणि एमडीएफ मात्र नको. एमडीएफला लाकडाच्या रेषाच नसतात, प्लायवूडचा वरचा थर भाजून उठवायला फार पातळ असतो, आणि आतला गोंद जळाला की धूर विषारी होतो.

परदेशी खोक्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकडाला नुसती उष्णता दिलेली आहे, ते चालतं. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरवलेलं आहे. ते घरात आणूच नका, भाजणं तर लांबच.

> सावध: जुन्या दाराची किंवा खिडकीची ऑइलपेंट लावलेली फळी भाजू नका, कोरडी घासूही नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. तेलाचे किंवा ग्रीसचे डाग पडलेलं लाकूडही सोडून द्या, त्यावर रंग धरत नाही.

फळी उन्हात तिरकी धरून एका टोकाकडून बघा. पिळलेली असेल तर ठेवून द्या, कारण पीळ रंध्याने जात नाही. बारीक भोकं दिसली आणि फळी ठोकल्यावर पिठासारखी भुकटी गळली तर आत कीड जिवंत आहे. अशी एक फळी घरातल्या बाकीच्या लाकडालाही लागण करते.

## ३. वाळवणं

घाई इथेच होते आणि तिची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. भंगारात उघड्यावर पडलेली फळी वरून कोरडी वाटते, आत ओलावा असतो. ती तशीच वापरली की घरात आल्यावर आक्रसते, फटी पडतात, स्क्रूभोवती तडे जातात.

फळ्या छपराखाली, सावलीत रचा. खाली दोन विटा, आणि दर दोन थरांमध्ये दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या काटक्या आडव्या ठेवा, म्हणजे चारी बाजूंनी वारा फिरेल. वर वजन ठेवा. गच्चीवरच्या उन्हात टाकू नका. वरचा थर झटकन वाळतो, आतला मागे राहतो आणि फळी परातीसारखी वाकते.

किती दिवस? कॅलेंडर बघून ठरवू नका, वजन करून ठरवा. एका फळीवर खूण करून ती काट्यावर ठेवा आणि वजन तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा. दर पाच दिवसांनी पुन्हा करा. लागोपाठ दोन वेळा वजन तेवढंच आलं की लाकूड तयार. भंगारातल्या फळीला कोरड्या हवेत तीन-चार आठवडे सहज लागतात. वखारीतून ताजं चिरलेलं ओलं लाकूड आणलं असेल तर या वर्षी त्याचा विचार सोडा.

म्हणून ६ जूनच्या राज्याभिषेक दिनाला ध्वज लावायचा असेल तर लाकूड मार्चअखेर घरात हवं. एप्रिल-मेची कोरडी हवा या कामाला सगळ्यात चांगली. जूनमध्ये गगनबावड्याकडून पाऊस सुरू झाला की हवेतच इतका दमटपणा असतो की लाकूड वाळायचं नावच घेत नाही.

> तपासा: वजन थांबलं? पट्टी सपाट लादीवर ठेवून चारही कोपरे दाबा. डुगडुगत असेल तर ती वापरायची नाही.

## ४. खिळे काढणं आणि चिरणं

जंबुऱ्याने सगळे खिळे काढा. डोकं तुटलेला खिळा आत राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक फळीवरून चांगलं जड लोहचुंबक फिरवा. वखारीतला माणूस खिळ्याचं लाकूड करवतीवर घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पातं तुटून उडालं तर जीवावर बेततं.

खिळेमुक्त फळ्या वखारीत नेऊन तीन इंच रुंदीत चिरून घ्या. रुंदी सगळ्यांची तंतोतंत एक हवी. जाडी सहा सुतांच्या आसपास असावी, त्यात एखाद्या सुताचा फरक चालतो. उलट त्यानेच ध्वजाला उठाव येतो.

रंधा फक्त कडांना आणि पाठीला मारा. पुढच्या बाजूला नको. करवतीचे जुने ओरखडे, खिळ्यांची काळी भोकं, गाठी, हीच या ध्वजाची श्रीमंती आहे. पुढून ८० नंबरच्या सँडपेपरने नुसती कुसळं काढा, तीही रेषांच्या दिशेने.

## ५. मांडणी, खुणा आणि शेपट्यांचा काप

आठही पट्ट्या जमिनीवर पुढची बाजू वर करून मांडा. दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या सुताची फट ठेवा. दोन जुनी एटीएम कार्डं एकावर एक धरली की जवळपास तेवढी जाडी होते. तीच फटीत घालत जा.

ही फट शोभेसाठी नाही. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. उन्हाळ्यात काम करत असाल तर अर्धा सूत पूर्ण ठेवा, कारण पुढे पट्ट्या फुगणारच आहेत. पावसाळ्यात करत असाल तर लाकूड आधीच फुगलेलं असतं, तेव्हा एका कार्डाची फट पुरते.

गडद पट्ट्या वर-खाली, फिकट मध्ये, की मिसळून, ते इथेच ठरवा. मोठी गाठ शेपटीच्या टोकाला येऊ देऊ नका, काप घेताना तिथेच तुकडा उडतो. मांडणी मनासारखी झाली की प्रत्येक पट्टीच्या पाठीवर क्रमांक आणि वरच्या दिशेला बाण काढा. पुढून खूण केली तर ती भाजताना जाईल.

आता डावीकडची टोकं गुण्याने (सुताराच्या काटकोनाने) एका रेषेत आणा. चौथ्या आणि पाचव्या पट्टीमधल्या फटीवर, डाव्या कडेपासून २४ इंचांवर एक बिंदू घ्या. तिथून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत लांब सरळ पट्टी धरून दोन रेषा मारा. फटी जागेवर असतानाच रेषा मारा. फटी काढून मारलेली रेषा जोडणीनंतर पायरीपायरीने सरकलेली दिसते.

मग एकेक पट्टी सुटी घेऊन हातकरवतीने खुणेवर कापा. काप साधारण ४५ अंशांचा येतो. खालच्या बाजूला टाकाऊ पट्टी धरा, म्हणजे टोक फाटणार नाही.

> सावध: वरच्या चार पट्ट्यांचा काप आणि खालच्या चारांचा काप एकमेकांच्या उलट आहे. एक साचा करून आठही पट्ट्या एकाच तिरकसपणे कापल्या, तर चार पट्ट्या उलटवाव्या लागतील आणि त्यांचा चांगला चेहरा भिंतीकडे जाईल.

जोडून झाल्यावर जिगसॉने एकदम काप का घेऊ नये? तसा काप घेतला की भगव्या रंगाशेजारी टोकाचं पांढरं, कोरं लाकूड उघडं पडतं. मग तेवढ्यापुरतं भाजणं आणि रंगवणं कधीच बाकीच्याशी जुळत नाही.

## ६. भाजणं

गॅसचा ब्लो टॉर्च, तारेचा ब्रश, पाण्याची भरलेली बादली, सुती कपडे, मास्क. काम उघड्या अंगणात, वारा पडलेला असताना, सकाळी लवकर. आजूबाजूला भुसा, थिनर, वाळलेली पानं नकोत. गच्चीवर करत असाल तर वर वाळत घातलेले कपडे नाहीत ना, तेही बघा.

पट्टी विटांवर ठेवा. ज्योत लाकडापासून तीन-चार इंचांवर धरून सावकाश, न थांबता फिरवा. रेषांमधला मऊ भाग आधी काळा पडतो, कडक भाग तपकिरी राहतो. तिथेच थांबायचं. अख्खी पट्टी कोळशासारखी झाली की वरचा भगवा मेलाच म्हणून समजा. कडा आणि कापलेली टोकं थोडी जास्त भाजा, त्यामुळे प्रत्येक पट्टी वेगळी उठून दिसते.

पाठीवरूनही ज्योत एकदा हलकीच फिरवा. एकाच बाजूला उष्णता दिली की पट्टी त्या बाजूला वाकते.

पट्ट्या पूर्ण थंड झाल्यावर तारेचा ब्रश मारा, फक्त रेषांच्या दिशेने. मऊ भागातली काजळी निघते आणि कडक रेषा बोटाला लागतील इतक्या वर येतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण ध्वजाचं सगळं रूप यावरच ठरतं. इथे वेळ वाचवू नका.

> तपासा: पांढरं फडकं पट्टीवर जोरात फिरवा. काळं झालं तर पुन्हा ब्रश. उरलेली काजळी रंगात मिसळते आणि भगव्याचा विटकरी होतो.

> सावध: भाजलेल्या पट्ट्या त्या रात्री घरात आणू नका. भेगेतला निखारा दिसत नाही आणि तासाभराने धुमसू शकतो. गार झालेल्या पट्ट्याही रात्रभर बाहेर, एकमेकींपासून लांब ठेवा.

## ७. भगवा रंग

पाईनच्या गाठींतून राळ पाझरते आणि महिन्याभरात रंगावर पिवळे डाग येतात. म्हणून गाठींवर आधी चपडा लाखेच्या पॉलिशचा एक हात द्या. सागवानाला याची गरज नाही.

मग सगळ्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. पाण्याने बारीक तंतू उभे राहतात, ते २२० नंबरच्या पेपरने अलगद काढा. ही पायरी गाळली तर रंग दिल्यावर पट्टी खरखरीत होते आणि तेव्हा घासता येत नाही.

पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या. एक भाग रंग, दोन भाग पाणी. खाली भाजलेलं लाकूड असल्यामुळे कोणतीही छटा एक पायरी गडद आणि लालसर दिसते. म्हणून डब्यातला रंग तुम्हाला हव्या त्या भगव्यापेक्षा किंचित पिवळ्याकडे झुकलेला ठेवा. छटा आधी कापातून उरलेल्या तुकड्यावर बघायची, पण तो तुकडाही भाजलेला आणि ब्रश मारलेला हवा. ट्यूबलाइटखाली ठरवू नका, सकाळच्या उजेडात ठरवा.

आठही पट्ट्यांचा रंग एकदमच कालवा आणि थोडा बाटलीत राखून ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमत नाही.

एका वेळी एकच पट्टी घ्या. ब्रशने रंग द्या, एक-दोन मिनिटं थांबा आणि सुती फडक्याने रेषांच्या दिशेने पुसून काढा. मे महिन्यात रंग ब्रशखालीच वाळतो, म्हणून उन्हात काम नको. पुसल्यावर उंच रेषा भगव्या आणि खोल रेषा काळपट दिसल्या की झालं. फिका वाटला तर वाळल्यावर दुसरा पातळ हात द्या. पहिलाच हात दाट दिला तर ऑइलपेंट मारल्यासारखं दिसतं आणि लाकूड हरवतं.

काठीची पट्टी रंगवू नका. ती नुसती भाजलेली, गडद तपकिरीच चांगली दिसते.

## ८. संरक्षक थर

रंगाला एक पूर्ण दिवस द्या. मग पाण्यावर आधारित मॅट वार्निशचे दोन पातळ हात. चकचकीत वार्निश नको, त्यावर दिवा चमकतो आणि रेषा दिसेनाशा होतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त पुढची बाजू रंगवणं. मागची बाजू कोरी राहिली की पावसाळ्यात ती ओलावा पिते, पुढची पीत नाही, आणि पट्टी वाकते. पुढची, मागची, दोन्ही कडा आणि टोकं, सगळीकडे सारखेच हात द्या. टोकांना एक हात जास्त, कारण लाकूड ओलावा तिथूनच सगळ्यात जास्त ओढतं. मागच्या आधारपट्ट्याही सोडू नका.

> सावध: वार्निशऐवजी जवसाचं तेल वापरलंत, तर तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघडी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

## ९. जोडणी

जमिनीवर जाड चादर पसरा आणि पट्ट्या पालथ्या मांडा. पालथ्या मांडल्यावर काठीची बाजू उजवीकडे जाते, शेपट्या डावीकडे. पाठीवरचे क्रमांक आणि बाण जुळवा, फटींत कार्डं घाला.

आधारपट्ट्या उभ्या ठेवा: पहिली काठीच्या कडेपासून अर्ध्या इंचावर, दुसरी साधारण अकरा इंचांवर, तिसरी २१ इंचांवर. वर-खाली एकेक इंच मोकळा राहतो, त्यामुळे त्या पुढून दिसत नाहीत. शेपट्यांमागे २८ इंचांवर साडेपाच इंची तुकडे, वरच्या आणि खालच्या कडेपासून अर्धा इंच आत. ते नसतील तर शेपट्यांची टोकं वेगवेगळ्या दिशांना पिळतात.

प्रत्येक आडव्या पट्टीला प्रत्येक आधारपट्टीवर एकच स्क्रू, पट्टीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर. दोन्ही कडांना दोन स्क्रू लावले की पट्टीला हलायला जागा उरत नाही आणि ती मध्ये चिरते.

फेव्हिकॉल इथे कुठेच लावायचा नाही. पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या की आठ सुट्या पट्ट्यांचा दोन फुटी एक पाट होतो. तो दमट हवेत फुगतो, मागच्या उभ्या पट्ट्या त्याला फुगू देत नाहीत, आणि शेवटी कमजोर पट्टी फुटते.

आधारपट्टीत आरपार पाच मिलिमीटरचं भोक, आडव्या पट्टीत अडीच मिलिमीटरचं अर्धवट भोक. ड्रिलच्या बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. सहा सुती दोन लाकडं मिळून जाडी दीड इंच होते, त्यामुळे चार मिलिमीटर जाडीचा सव्वा इंची स्क्रू बरोबर. दीड इंची लावला तर टोक भगव्यातून बाहेर येईल. एखादी पट्टी पातळ असेल तर तिच्यासाठी एक इंची घ्या आणि आधारपट्टीतलं डोक्याचं खळगं थोडं खोल करा. शेवटचे फेरे हाताने द्या, मशीनने नको.

काठी पुढून, पहिल्या आधारपट्टीच्या नेमकी समोर येते. ती मागून दोन इंची दोन स्क्रूंनी धरा, एक वर, एक खाली.

> तपासा: कार्डं काढा, ध्वज उभा करा आणि हलकेच हलवा. खुळखुळ आवाज आला तर एखादा स्क्रू भोकात नुसता फिरतोय. तो काढून जरा जाड स्क्रू लावा.

वर नाव, मुद्रा किंवा अक्षरं कोरावीत का? माझं मत स्पष्ट आहे, कोरू नका. भगव्याला ओळख लागत नाही, आणि उठावदार रेषांवर अक्षर नीट बसतही नाही.

## १०. टांगणं

ध्वजाचं वजन लाकडाप्रमाणे सहा-सात किलोपर्यंत जातं. एका खिळ्यावर दोरीने टांगला तर तो तिरका होत राहतो. बाजूला ठेवलेली २२ इंची पट्टी लांबीत ४५ अंशांत तिरकी चिरून घ्या. एक भाग ध्वजाच्या आधारपट्ट्यांवर वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, तिरकी कड खाली आणि तिची टोकदार धार भिंतीकडे ठेवून लावा. दुसरा भिंतीवर, तिरकी कड वर आणि टोकदार धार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. दोन्ही एकमेकांत अडकतात. खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा एक तुकडा लावा, म्हणजे ध्वज सरळ उभा राहील आणि मागून वारा खेळेल.

भिंतीवरची पट्टी स्पिरिट लेव्हलने जुळवून तीन स्क्रूंनी बसवा. विटांच्या भिंतीत प्लास्टिकच्या गिट्ट्या चालतात. जुन्या पेठांतल्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे लाकडी खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू घ्या, किंवा जागा थोडी बदलून खांब-तुळईचा आधार शोधा. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत, चपलांच्या रॅकच्या वरची जागा आणि स्वयंपाकघराची भिंत टाळा.

साफसफाई कोरड्या मऊ ब्रशने करा, ओलं फडकं लावू नका. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये एकदा फटी बघा. दोन पट्ट्या एकमेकींना घट्ट भिडल्या असतील तर ध्वज उतरवा, त्यातली एक सोडवून कडेला रंध्याचे दोन हात मारा. त्या कडेला राखून ठेवलेला रंग आणि वार्निश देऊन पुन्हा लावा. दसऱ्याच्या साफसफाईत सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा. सैल झाले असतील तेवढेच आवळा.